राजा उभाच आहे

१७ सप्टें. ९७, बुधवार

पितृपंधरवडा लागला, आणि नेमकी आजच बसथांब्यापाशी पहिली सीताफळं. डोळे उघडलेली चार घेतली. घेताना काही वाटलं नाही. घरी आल्यावर मात्र पिशवी जिन्याखाली ठेवली, चोरून आणल्यासारखी. दर वर्षी पहिली सीताफळं हे आणायचे. फाटकातूनच हाक, "शालू, आश्विन आला गं." आश्विन यायला अजून पंधरा दिवस असायचे. ह्यांचं पंचांग सीताफळावर चालायचं.

आत्याबाईंना वासावरून कळलंच. सासूचं नाक ते, शहात्तरीतही शाबूत. "पिकलंय का बघ, एक दे" म्हणाल्या. मेधाने दोन खाल्ली. बिया ताटलीत टिकटिक वाजायला लागल्या तेव्हा तिघींनी एकमेकींकडे बघायचं टाळलं. बापलेकीची बिया मोजायची पैज लागायची दर वर्षी. चौथं मी खाल्लं. गोड होतं. लाज वाटली.

९ मेला घरातून गेले. आज चार महिने आठ दिवस.

१९ सप्टें., शुक्र.

ऊन बदललंय. पावसाळाभर ते आजारी माणसासारखं येऊन जायचं, आज चांगलं बसलं. माहेरी मिरजेला ह्या दिवसांत घाम पुसून हात दुखतात. इथे सकाळी नऊला गच्चीवर उभं राहिलं की पाठ शेकून निघते. भिंतीची बुरशी सुकायला लागली. चतुर उडतायत.

गाद्या उन्हात टाकल्या. ह्यांची टाकू की नको म्हणून पाच मिनिटं उभी. कापसाला काय कळतंय म्हणून टाकली. संध्याकाळी उचलून आणली तेव्हा गरम होती, कोणी आत्ताच उठून गेल्यासारखी. तशीच पलंगावर घातली आणि वर चादर ओढली.

२१ सप्टें., रवि.

मोहनभावोजी जयनगरहून आले. धाकटा दीर, वह्या-पेनांचं दुकान, बोलताना खिशाशी चाळा. मला स्वयंपाकघरात गाठून म्हणाले, वहिनी, ह्या वर्षी गोंबे मांडायला नकोत. मी विचारलं का. पेनाचं टोपण काढ-घाल, काढ-घाल.

इथल्या जुन्या मराठी घरांनी नवरात्रात पायऱ्यांवर बाहुल्या मांडायची रीत कानडी शेजाऱ्यांकडून घेतली ती कधी, कोणालाच आठवत नाही. एकदा सुरू केली की खंड पडू द्यायचा नाही. फक्त घरात वर्षाच्या आत कोणी गेलं असेल तर मांडत नाहीत. म्हणजे भावोजी काय म्हणत होते ते उघडच होतं. त्यांच्या तोंडून निघालं नाही एवढंच.

मग पुन्हा ९ मेची उजळणी. चष्म्याची काडी मोडलेली. हे सकाळी दहाला तो दुरुस्तीला टाकायला गेले. भावोजींचं म्हणणं पहिल्यापासून एकच: चष्मा दुकानात राहिला, अण्णा तसाच निघाला, त्याला चार हातांपलीकडचं दिसत नाही, रस्त्यात कुठेतरी. ह्याच्या पुढे ते कधी जात नाहीत. दवाखाने त्यांनीच पालथे घातले होते, पोलिसांतही तेच गेले होते. दुकानातही.

मी त्या सकाळी काय बोलले ते कोणाला सांगितलेलं नाही. इथेही अजून लिहवत नाही.

२४ सप्टें., बुध.

अष्टमी. मामंजींचं श्राद्ध. बावीस वर्षं पाहतेय, थोरला मुलगा म्हणून हेच बसायचे. आज भावोजी बसले. भटजींनी संकल्पाआधी विचारलं, ज्येष्ठ पुत्र? भावोजी म्हणाले, "परऊरी गेलाय." भटजींनी पळी हातात देऊन पुढचं चालू केलं. सगळं ठाऊक आहे त्यांना, ह्याच भागात राहतात.

भटजी जेवल्यावर आत्याबाईंनी त्यांना गाठलंच. माणूस घरी नाही, काही कळतही नाही, तर शास्त्र काय म्हणतं? बारा वर्षं वाट पाहायची, भटजी म्हणाले. पोलीस सात म्हणाले होते. साडेचार महिन्यांबद्दल कोणाकडेच नियम नाही.

आ.बा. एकदम तरतरीत. "बारा. म्हणजे घरात सुतक नाही. सरी, गोंबे मांडायचे." सरी म्हणजे ठीक. भावोजी पानावरून उठले ते थेट हात धुवायला. खीर तशीच.

२७ सप्टें., शनि.

मेधाही आजीच्या बाजूने. एकोणीस वर्षांची घोडी, पण गोंब्यांचं नाव काढलं की सहा वर्षांची होते. मी मधल्या मध्ये. मांडायचे तर पायऱ्या लावायला ते हवेत, नाही मांडायचे तर

संध्याकाळी नाक्यावर उकडलेल्या शेंगा. हातगाडीवरून वाफ येत होती, पावभर घेतल्या आणि बसची वाट बघताना सगळ्या खाल्ल्या. घरी एकही नेली नाही. असं का वागते मी? नवरा बेपत्ता झालेल्या बाईने शेंगा खाऊ नयेत असं कुठे लिहिलंय? तरी टरफलं पिशवीत लपवून आणली.

१ ऑक्टो., बुध. सर्वपित्री

लवकर घरी आले, ट्रंक काढली. कडुनिंबाचा पाला, जुनं धोतर, वर्तमानपत्र. प्रत्येक पुडक्यावर ह्यांचं अक्षर. कारखान्यात मालाची तपासणी करत होते ना, घरीही तीच शिस्त. "सिंह, डावा कान चिकटवलेला." "वाणीण, टोपली वेगळी बांधली आहे." "राजा. मुकुट जपून. २२-१०-९६."

मेधा एकेक पुडकं सोडत होती. कागद फाडू नको म्हणून तिच्यावर ओरडले. मग कागदांच्या घड्या घालून पोळपाटाखाली दाबून ठेवल्या.

गेल्या वर्षी त्यांनी हे सगळं बांधलं तेव्हा घरी बसून वर्ष झालं होतं. कारखान्याने मुदतीआधी निवृत्ती देऊ केली, अर्ध्या लोकांनी घेतली, ह्यांनीही. पहिले काही महिने बरे गेले. मग बोलणं कमी, मग खाणं. गेल्या आश्विनात सीताफळं मी आणली. त्यांनी एक हातात घेतलं, फिरवून बघितलं, ठेवून दिलं. तेव्हा मी समजायला हवं होतं. मी म्हणाले, आता तीही भरवू का?

राजा-राणी फडताळात उभे केले. लाल लाकडाची वीतभर जोडी, आ.बा.ना त्यांच्या आईने लग्नात दिलेली. राजाची मिशी दर वर्षी थोडी उडते. हे काजळाने भरायचे. आज मी भरली. जरा वाकडी झाली.

२ ऑक्टो., गुरु. घट बसले

सुट्टी. पायऱ्या मेधाने आणि मी लावल्या. एक फळी उलटी बसली, पुन्हा सगळं काढलं. आ.बा. खाटेवरून हुकूम सोडत होत्या: राजा मधोमध, राणी डावीकडे, स्वल्प सरकव, हां.

संध्याकाळी दिवा लावला. बरं दिसत होतं. खूप बरं दिसत होतं, खोटं कशाला बोलू.

४ ऑक्टो., शनि.

बायका येऊन गेल्या. हरभऱ्याची उसळ केली होती, वर खोबरं, लिंबू. शेजारच्या पद्माक्कांनी गाणं म्हटलं, मग कुंकू लावून घेताना हळूच विचारलं, यजमानांचं काही कळलं? मी तोंड उघडायच्या आत आ.बा. कानडीत म्हणाल्या, तो टूरवर आहे, दिवाळीला येईल. पद्माक्का बऱ्या, "हौदा", असं का, म्हणून उसळीचं कौतुक करायला लागल्या.

मला त्यांच्या चांगुलपणाचाच राग आला.

५ ऑक्टो., रवि.

दर वर्षी एक तरी नवी बाहुली आणायचीच असते. आ.बा.नी आठवण केली. तेही काम ह्यांचंच होतं. उद्या ऑफिसातून परस्पर जाते.

आमच्या गल्लीतल्या बुचाला फुलं आली आहेत. इथे आकाशमल्लिगे म्हणतात. लांब देठाची, पांढरी, सकाळी रस्ताभर. मेधा लहान असताना हे तिच्या वेणीत देठात देठ ओवून द्यायचे, सुई-दोऱ्याशिवाय. आज मी करून बघितलं. चार ओवली की निसटायची. वास मात्र दिवसभर हाताला.

६ ऑक्टो., सोम.

बाहुली घेतली: शेंगा विकणारा म्हातारा, पुढ्यात पाटी, मातीचा. सेवंतीच्या ढिगाऱ्यांमधून वाट काढत परत येताना चष्म्याचं दुकान लागलं. आजवर त्या फुटपाथवरून जायचंच टाळलं होतं. आज का आत गेले सांगता येत नाही. वाटलं, चष्मा तिथेच पडून असेल, तो तरी घरी न्यावा.

मालक वयस्कर, मराठी समजतं. नाव सांगितलं. त्यांनी वही काढली, बोट फिरवलं. म्हणाले, अम्मा, तो तर त्याच दिवशी नेला. दुपारी तीनला. काडी बसवून दिली. वर चष्मा ठेवायला एक कडक घरही घेतलं, प्रवासात दबू नये म्हणून. वहीत सही. तपासनीसाची सही, मोडक्या खेळण्याच्या पुडक्यावरही तीच असते.

मी तशीच उभी. मालक म्हणाले, "तुमचे मैदुन आले होते की तेव्हाच, त्याच आठवड्यात. त्यांना दाखवली होती ही सही." मैदुन म्हणजे दीर. म्हणजे भावोजी.

घरी येऊन म्हातारा तिसऱ्या पायरीवर ठेवला. आ.बा. म्हणाल्या, छान आहे, ह्याचं तोंड हसरं आहे.

७ ऑक्टो., मंगळ.

ऑफिसात दोन पत्रांचे पत्ते उलटे घातले.

कडक घर. प्रवासात दबू नये म्हणून. मरायला निघालेला माणूस काडी बसवून घेतो? हे पाच महिने मी रोज डोळ्यांसमोर एक रस्ता बघत होते, लॉरी, गर्दी, धूसर दिसणारा माणूस. त्यात दुःख होतं पण एक सोयही होती. आता ती गेली. जिवंत आहेत. दिसतंय त्यांना नीट. कुठेतरी ह्याच उन्हात बसले असतील, सीताफळ खात असतील. आणि मी इथे एक शेंग खाल्ली तर टरफलं लपवते.

राग, राग, राग. दिवसभर दुसरं काही नाही.

आणि राग उतरला की ते वाक्य. आता लिहितेच. त्या सकाळी मोडकी काडी धरून ते खुर्चीत बसले होते, तासभर. मी डबा भरत होते, उशीर झाला होता. म्हणाले, "कुठे दुरुस्त होईल?" मी म्हणाले, "मला काय विचारता? घरात असून नसल्यासारखेच आहात तुम्ही." ते उठले, चपला घातल्या.

लिहिलं. हलकं वाटेल म्हणतात. वाटलं नाही.

८ ऑक्टो., बुध.

अर्ध्या दिवसाची रजा टाकून जयनगरला दुकानात गेले. भावोजींनी मला बघितलं आणि का आले ते ओळखलं. गिऱ्हाइकाला उठवून शटर अर्धं ओढलं.

मी विचारलं, पाच महिने तुम्हाला माहीत होतं? ते वह्यांचा गठ्ठा सरळ करत राहिले. मग म्हणाले, "वहिनी, अण्णा गेला असं सांगता आलं असतं. सोडून गेला असं अम्माला कसं सांगू? गेलेल्याला ती रडेल. सोडून गेलेल्याची ती दारात बसून वाट बघेल." मग म्हणाले, "आणि तुम्ही स्वतःला दोष द्याल."

तो मी आधीच देतेय हे त्यांना कुठे माहीत.

अम्माला सांगू नका म्हणाले. नाही सांगत म्हणून आले. त्यांच्यावर रागवायचं म्हणून गेले होते, ते राहूनच गेलं. दोन्ही डोळे भरलेल्या माणसावर रागावता येत नाही.

१० ऑक्टो., शुक्र. आयुधपूजा

पाच महिने चादरीखाली असलेली स्कूटर मेधाने धुतली. झेंडूची माळ, हळदीकुंकू, चाकाखाली लिंबू. मग किक मारायला लागली. पंधरा, वीस. मी म्हटलं राहू दे. पंचविसाव्याला सुरू झाली. आ.बा. आतून धावत आल्या, म्हणजे ज्या वेगाने त्या धावू शकतात तेवढ्या. आवाज ऐकून त्यांना वाटलं

मेधाने स्कूटर बंद केली. लिंबू तसंच राहिलं, चिरडायचं कोणी नव्हतं. तिला चालवता येत नाही, मला तर नाहीच.

दुपारभर गल्लीत प्रत्येक दुकानापुढे कोहळे फुटत होते. कुंकवाने लाल कोहळा, लाल रस्ता. ऊन इतकं स्वच्छ की दूरच्या गच्चीवरचे कपडे मोजता यावेत.

११ ऑक्टो., शनि. दसरा

माझी चूक. लिहून ठेवते, नंतर कोणी मला सांगायला नको.

रीत अशी की दसऱ्याला संध्याकाळची आरती झाली की एक बाहुली आडवी करायची. दरबार उठला. मग दुसऱ्या दिवशी आवराआवर. आमच्याकडे राजाला निजवतात आणि ते काम ह्यांचं. कामाला हात लावण्याआधी राजाला नमस्कार करायचे, मेधा हसायची.

आज सकाळी बघितलं तर राजाचं धोतर सुटलेलं. बांधायला घेतलं, उभ्याने जमेना म्हणून पायरीवर उताणा ठेवला. तेवढ्यात दूध उतू गेल्याचा वास. धावले. गॅस पुसला, भांडं बदललं, पाच मिनिटं असतील. तोवर आ.बा. वात घालायला आल्या होत्या.

परत आले तर त्या जमिनीवर बसलेल्या, वातीचं ताट मांडीवर. राजा उताणा, धोतर सुटलेला. "कोणी निजवला त्याला? सकाळी? कोणी?" माझ्याकडे न बघता बोलत होत्या. मी म्हणाले, मी, धोतर बांधायला. मी लगेच उभा केला. त्या हलेनात. मेधाने आणि मी धरून खाटेवर नेलं. अंग थंड.

संध्याकाळी आरती झाली. निजवायची वेळ आली तेव्हा खाटेवरूनच म्हणाल्या, "राजाला हात लावायचा नाही." कोणी लावला नाही. दरबार उठला नाही.

शमीची पानं वाटली. मिरजेच्या आपट्याची फार आठवण आली. आईची, कशाकशाची.

१२ ऑक्टो., रवि.

आ.बा. जेवल्या नाहीत. ताक घेतलं दोन घोट. सकाळी निजलेल्या राजाचा अर्थ त्यांनी लावलाय आणि तो कोणाला सांगत नाहीयेत. भावोजी येऊन समजूत घालून गेले. त्यांना तर समजूत घालताच येत नाही, ते स्वतःच उभ्या राजाकडे बघत बसले.

१३ ऑक्टो., सोम.

आजही ताकच. डॉक्टर म्हणाले, असंच राहिलं तर सलाईन लावावं लागेल.

भावोजींना शब्द दिला होता. मोडला. ऑफिसला जायची वेळ टळून गेली तरी त्यांच्या उशाशी बसले आणि सगळं सांगितलं. चष्मा, तीन वाजता, सही, कडक घर. भावोजींना माहीत होतं हेही. मी त्या सकाळी काय बोलले हेही. ते सांगायचं ठरवलं नव्हतं, ओघात आलं.

आ.बा. छताकडे बघत होत्या. बाहेर भाजीवाला ओरडून गेला.

"म्हणजे बसचा नंबर वाचता येतो त्याला," म्हणाल्या.

हो म्हटलं.

"आणि येत नाही."

ह्याला हो म्हणवेना. मान हलवली.

मग माझ्या मनगटावर हात ठेवला. म्हटलं आता बोलतील, आता माझं माप काढतील. म्हणाल्या, "मी पण त्याला रोज सकाळी विचारत होते. काम बघितलंस का, काम बघितलंस का." एवढंच. थोड्या वेळाने दहीभात मागितला. लोणचं नको म्हणाल्या, मग मागितलं.

दाराआड मेधा होती. सगळं ऐकलं तिने. मला काही न विचारता ताट घेऊन गेली.

१५ ऑक्टो., बुध. कोजागिरी

चंद्र सहालाच वर. नारळाच्या झावळीमागे, मोठा, पितळेच्या ताटाएवढा. दिवसा सर येऊन गेल्यामुळे गच्ची धुतलेली. दूध आटवलं, चारोळी, वेलची, केशराच्या चार काड्या. हे असते तर जायफळावरून वाद झाला असता.

आज थोरल्या अपत्याची आश्विनी. आ.बा. दर वर्षी ह्यांना ओवाळायच्या, पन्नाशीच्या बाप्याला पाटावर बसवून. हे लाजायचे आणि बसायचे. मला वाटलं होतं ह्या वर्षी राहील. पण त्यांनी मेधाला सांगून दोन पाट गच्चीवर नेले. जिना चढताना तीनदा बसल्या.

एक पाट रिकामा. त्यावर सुपारी नाही, शर्ट नाही, काही नाही. आ.बा.नी निरांजन धरलं आणि रिकाम्या पाटाला ओवाळलं. तीन फेरे पूर्ण केले. अक्षता टाकल्या. रडल्या नाहीत. मी रडले, आवाज न करता, चंद्राकडे तोंड करून.

मग ताट माझ्या हातात दिलं. दुसऱ्या पाटाकडे बोट. "तुझी थोरली तुझ्यासमोर आहे. बावीस वर्षांत तुला कधी ओवाळू दिलं नाही मी, थोरला मुलगाच धरला. ओवाळ."

मेधा बसली. जीन्स घालून, मांडी घालून. मी कुंकू लावलं तर ते नाकावर सांडलं. ती हसली नाही. ओवाळताना तिचे डोळे अगदी ह्यांचे दिसत होते, आणि मला त्याचा राग आला नाही.

दूध प्यायलो. ह्यांच्या वाटचा पेला भरला होता, सवयीने. साय धरली. खाली येताना तो मी उचलला, जिन्यातच उभी राहून प्यायले. गार, दाट, गोड. शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले.

१६ ऑक्टो., गुरु.

भावोजींना फोन केला, शब्द मोडला म्हणून सांगायला. मग म्हणाले, अम्मा जेवली का? म्हटलं, दोन वेळा. म्हणाले, सरी.

१९ ऑक्टो., रवि.

आठ दिवस झाले, दरबार भरलेलाच. पद्माक्कांनी गच्चीवरून विचारलं, अजून गोंबे काढले नाहीत? मी म्हटलं, अजून एकजण यायचा आहे. काय उत्तर ते. त्या पुन्हा "हौदा" म्हणाल्या आणि लिंबाचं लोणचं घालताय का म्हणून विचारलं.

दुपारी ऊन खिडकीतून थेट पायऱ्यांवर. त्या उजेडात धूळ दिसली आणि ठरवलं. आ.बा. खाटेवर जाग्याच होत्या. म्हणाल्या, "राजाला हात लावू नको." नाही लावत म्हटलं.

खालच्या पायरीपासून सुरुवात केली. पोळपाटाखालचे कागद काढले. सिंह, वाणीण, बैलजोडी. जुन्या अक्षरांवर तेच परत बांधले. शेंगावाला नवा, त्याच्यासाठी नवा कागद. त्यावर मी लिहिलं, "म्हातारा. पाटीतल्या शेंगा जपून." तारीख घातली. माझं अक्षर त्यांच्या अक्षराशेजारी उर्मट दिसतं.

मेधा पाला आणून देत होती. बाहेर बुचाचा वास, आज फारच. तिने येताना ओंजळभर फुलं आणली आणि कोपऱ्यात बसून ओवायला लागली, देठात देठ. तिला जमतंय. कधी शिकली?

पायऱ्या उतरल्या, फळ्या भिंतीला लावल्या. फक्त जोडी उरली, वरच्या फळीवर, वाकड्या मिशीचा राजा आणि राणी. कोणीतरी निजल्याशिवाय दरबार उठत नाही.

मी राणीला उचललं. बावीस वर्षांत दरबारात तिला कोणी आडवं केलेलं नव्हतं, पाठीचा रंग अजून नवा आहे. कापूस घातला आणि तिला हळूच निजवलं. आ.बा. बघत होत्या. मला वाटलं, आता अपशकुन म्हणतील.

म्हणाल्या, "तिच्या अंगावर काहीतरी घाल गं शालिनी. गारठा पडायला लागलाय."

माझा रुमाल घातला. राजा उभाच आहे.